धड्यातली मोकळी जागा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही दोन वर्षांपासून आठवी ते दहावीच्या मुलांना साहित्य शिकवता. वर्गात आता बोट लावलं की चालणारा मोठा फळा आला आहे आणि मुलांच्या हातात टॅब आहेत. गृहपाठाची रसग्रहणं एआयकडून लिहून येतात आणि मूळ धडा मात्र कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ही यंत्रं साहित्याच्या तासाला बंदच ठेवा. वरचे म्हणतात, जास्तीत जास्त वापरा. तुम्ही विचारलंय, मी सव्वीस वर्षांत काय केलं, आणि तुम्ही नेमकं कुठून सुरुवात करावी.

मी दोन्ही सल्ले पाळून बघितले आहेत. एक पूर्ण वर्ष रोज स्लाइड दाखवल्या आणि त्यानंतरचं वर्ष प्रोजेक्टरची वायरही लावली नाही. दोन्ही वर्षांत काही तास सुंदर झाले आणि काही वाया गेले. वाया का गेले, हे मला एका चपलेमुळे कळलं.

वर्गासाठी मी स्वतः दीड पानाची एक गोष्ट लिहिली होती. वडील वारले आहेत, तेरावा महिना सरलाय, घरात सगळं पूर्ववत झालंय. मुलगी परगावाहून घरी येते. दार उघडतं आणि गोष्टीचं शेवटचं वाक्य येतं: ‘चप्पल अजून दाराशीच होती.’ मी या गोष्टीच्या चौदा स्लाइड केल्या, त्याला दोन रात्री गेल्या. शेवटच्या स्लाइडवर एक फोटो घातला: तपकिरी चामड्याची, अंगठा तुटलेली जुनी चप्पल. मागे हळू आवाजात बासरी. वर्ग एकदम शांत झाला. दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, तास जिंकला.

वह्या तपासायला घेतल्या तेव्हा बघते, तर जवळपास प्रत्येकाची चप्पल तपकिरी होती आणि प्रत्येकीचा अंगठा तुटलेला होता. गोष्टीत ना रंग होता, ना अंगठा. मुलांनी माझ्या फोटोवर लिहिलं होतं.

त्याच दिवशी दुसऱ्या तुकडीत वीज गेली होती. तिथे मी गोष्ट नुसती वाचून दाखवली होती आणि तास जमला नाही म्हणून थोडी खट्टू होऊन परतले होते. त्या तुकडीच्या गठ्ठ्यात एका मुलाची वही होती. वर्गात तो कधी तोंड उघडायचा नाही. त्याने लिहिलं होतं: ‘ती चप्पल नवी असणार. जुनी असती तर कुणीतरी टाकून दिली असती. नवी चप्पल टाकवत नाही आणि घालवतही नाही.’

ती वही हातात धरून मी बराच वेळ बसले होते. गोष्ट माझी होती, पण चप्पल नवी असेल हे मला सुचलं नव्हतं. वडिलांनी नवी चप्पल घेतली होती, म्हणजे त्यांना अजून चालायचं होतं. हे सगळं त्या मुलाने एका कोऱ्या जागेत बघितलं. ती जागा पहिल्या तुकडीत मी फोटोने बुजवून टाकली होती.

तेव्हापासून माझ्याकडे एकच कसोटी आहे. लेखक दोन शब्दांच्या मध्ये जी जागा सोडतो, ती कोण भरतंय? मूल भरत असेल तर ते साधन तासाला आत घ्यायचं. यंत्र भरत असेल, गाईड भरत असेल किंवा मी स्वतः भरत असेन, तर थांबायचं. यात मी स्वतःला मुद्दाम धरते, कारण मुलांच्या वाट्याची मोकळी जागा सर्वांत जास्त खाणारं साधन शिक्षकाचं तोंड आहे. प्रोजेक्टर यायच्या आधी आम्ही ‘येथे कवीला असे म्हणायचे आहे’ म्हणत तेच करत होतो.

ही जागा म्हणजे कुणाची हौस नाही, साहित्य चालतंच तिच्यावर. आपल्या काव्यशास्त्रात हे फार पूर्वीच सांगून ठेवलंय. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा ध्वनीत आहे असं म्हटलं, म्हणजे जे उच्चारलेलं नाही पण ऐकू येतं त्यात. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात एक उदाहरण दिलं आहे: ‘गतोऽस्तमर्कः’. सूर्य मावळला. वाक्य एकच, पण सेनापतीला ते चढाईची वेळ झाली असं सांगतं. मजुराला काम थांबवायचं कळतं, गुराख्याला गुरं वळवायची, विक्रेत्याला माल आवरायचा. वाट बघत बसलेल्या स्त्रीला कळतं की आजही तो आला नाही.

हे उदाहरण मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात देते. मम्मटाचं नाव शेवटी सांगते. फळ्यावर फक्त ‘सूर्य मावळला’ एवढंच लिहिते आणि म्हणते, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं आहे. कुणी, आणि तुम्ही पुढे काय कराल? एकाने लिहिलं, ‘शेवटची ओव्हर.’ एकीने लिहिलं, ‘आता घरी गेले की ओरडा.’ एका मुलाने लिहिलं, ‘बाबा डबा घेऊन निघाले’. त्याच्या वडिलांची रात्रपाळी होती. मग मी विचारते, यातलं काय वाक्यात लिहिलेलं आहे? कुणाचंच काही लिहिलेलं नसतं, आणि कुणाचंच चुकलेलंही नसतं. पण एकदा एका मुलाने ‘पाऊस पडणार’ असं लिहिलं, तेव्हा वर्गानेच त्याला अडवलं: हे वाक्यातून कसं निघतं ते सांग. त्याला सांगता आलं नाही. मोकळी जागा म्हणजे वाट्टेल ते भरायची जागा नव्हे, तिला कडा असतात. हे मुलांना एका तासात कळतं, तेही मी व्याख्या न देता.

या प्रयोगाला खडू पुरतो. पण मोठ्या फळ्यावर तो जास्त चांगला होतो, हेही प्रामाणिकपणे सांगते. मुलं टॅबवरून नाव न घालता उत्तर पाठवतात आणि सगळी उत्तरं एकदम समोर येतात. हात वर करणारी नेहमीची पाच मुलं आणि गप्प बसणारी तीस मुलं एका ओळीत येतात. रात्रपाळीचं उत्तर मला हात वर करून कधीच मिळालं नसतं. इथे यंत्राने कुणाची जागा भरली नाही, उलट ज्याला बोलायला जागाच नव्हती त्याला ती मिळवून दिली. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे एकदा वर्गात बसवून दाखवा. वाद घालून पटणार नाही.

आता शांततेबद्दल थोडं. अमेरिकेत शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात. सरासरी एक सेकंदाच्या आसपास. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. १९७४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. साहित्याच्या तासाला तीन सेकंदही कमी पडतात असा माझा अनुभव आहे. मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. पहिल्या पाच आकड्यांत तुम्हाला घाम फुटेल. सहाव्या-सातव्याला मागच्या बाकावरून कुणीतरी बोलतं. स्लाइडची सर्वांत मोठी अडचण मला हीच वाटते, की पुढची स्लाइड तयार असते, बोट बटणावर असतं आणि थांबवत नाही.

तोच प्रोजेक्टर मी आज कसा वापरते ते सांगते, कारण तो मी काढून टाकलेला नाही.

गोष्ट वाचून झाली की पुस्तक मिटायला लावते आणि शेवटचं वाक्य आठवून लिहायला सांगते, शब्दशः. यामागे आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने ज्यांनी पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केला होता त्यांना जास्त आठवतं. इतर विषयांत हे पाठांतराच्या सोयीचं आहे. साहित्यात त्याला आणखी एक फळ लागतं: मूल काय विसरलं, ते दिसतं.

चपलेचं वाक्य बहुतेक मुलं असं लिहितात: ‘चप्पल दाराशी होती.’ मग मी मूळ वाक्य फळ्यावर दाखवते, आणि दोन गोष्टी झाकलेल्या ठेवते: ‘अजून’ आणि ‘दाराशीच’मधला ‘च’. आधी ‘च’ उघडते. एकीने लगेच म्हटलं, ‘बाई, म्हणजे ती तिथून हलायला हवी होती.’ मग ‘अजून’ उघडते. ‘म्हणजे बरेच दिवस झाले.’ थोड्या वेळाने त्याच मुलीने विचारलं, ‘मग रोज झाडताना काय करत असतील?’ वर्ग गप्प. मीही गप्प. कुणीतरी म्हणालं, ‘उचलून झाडत असतील आणि परत ठेवत असतील.’

एका ‘च’मधून हे निघालं. त्या दिवशी मी अव्ययांवर वेगळा तास घेतला नाही. झाकणं आणि उघडणं एवढंच काम त्या महागड्या फळ्याने केलं, आणि ते त्याने खडूपेक्षा चांगलं केलं. यंत्र दाखवण्यासाठी घेतलं जातं. साहित्याच्या तासाला मी ते लपवण्यासाठी वापरते.

दुसरा उपयोग आवाजाचा. मुलांना कविता मोठ्याने वाचून टॅबवर रेकॉर्ड करायला सांगा आणि त्यांचीच त्यांना ऐकवा. चढाओढ नको, गुण नकोत, दुसऱ्याला ऐकवायचीही सक्ती नको. एक मुलगा कवितेची प्रत्येक ओळ एका दमात वाचून मोकळा व्हायचा. मी दहा वेळा सांगितलं असेल, थांब, श्वास घे. स्वतःचं वाचन ऐकल्यावर तो आपण होऊन म्हणाला, ‘बाई, मी बातम्या देतोय असं वाटतंय.’ त्याने घरी पाच वेळा रेकॉर्ड केलं. पाचव्या वेळी तो एका ओळीच्या मध्येच थांबला होता, जिथे विरामचिन्ह नव्हतं. का थांबलास विचारलं तर म्हणाला, ‘तिथे पुढचं लगेच बोलवेना.’ त्याला अर्थ आधी घशात कळला, मग डोक्यात. यती, म्हणजे ओळीतला थांबा, आणि लय शिकवण्याचा याहून सोपा रस्ता मला सापडलेला नाही.

एका बाबतीत मात्र मी कसलीच अट घालत नाही. ज्या मुलांना अक्षरं हलल्यासारखी वाटतात, ज्यांना डिस्लेक्सिया आहे, ज्यांची नजर अधू आहे, त्यांच्यासाठी मोठा टाइप, ओळींतलं वाढवलेलं अंतर आणि ऐकवणारं यंत्र ही हक्काची गोष्ट आहे. ऐकून कळलेली कविता ही वाचून कळलेल्या कवितेपेक्षा कमी नसते. कविता आधी कानाचीच होती.

कागद की पडदा, हा तुमचा उपप्रश्न. यावर खूप आवेशाने बोललं जातं, म्हणून जे मोजलेलं आहे तेवढंच सांगते. २०१८ मध्ये डेल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून १,७०,०००हून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त चांगला कळला, आणि वेळेचं बंधन असताना हा फरक वाढला. नुसत्या कथात्म मजकुरात मात्र फरक दिसला नाही. त्यामुळे कथा टॅबवर वाचली म्हणून आभाळ कोसळत नाही. मी तरीही कागद का देते? कारण कागदावर पेन्सिल चालते आणि कागदावर दुसरी खिडकी उघडत नाही. टॅबवर गोष्ट जरा संथ झाली की बोट आपोआप सरकतं, आणि कथा नेमकी त्या संथ जागीच आपलं काम करत असते.

टिपणांबाबतही तेच. लॅपटॉपवर टिपणं घेणारे बोललेलं जसंच्या तसं उतरवतात, हे २०१४च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं आणि २०२१ला तो प्रयोग पुन्हा केला तेव्हाही दिसलं. त्यामुळे परीक्षेत गुण कमी पडतात का, यावर दोन्ही अभ्यास एकमेकांशी जुळले नाहीत. मी त्यातून एवढंच घेतलं, की माझ्या तासाला टंकायला बंदी नाही, माझी वाक्यं उतरवून घ्यायला आहे.

आता एआय. तुमच्या प्रश्नातलं दुखणं हेच आहे, हे तुमच्या शब्दांवरून दिसतं.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि काही महिन्यांतच माझ्याकडे येणारी रसग्रहणं एकदम स्वच्छ झाली. शुद्धलेखन नीट, परिच्छेद नीट, शेवटी मानवी मूल्यांचा उल्लेख. गाईडं पूर्वीही होती. पण गाईडचं उत्तर चाळीस वह्यांत तेच असायचं आणि चटकन ओळखू यायचं. हे यंत्र चाळीस जणांना चाळीस वेगळी उत्तरं देतं, आणि सगळी एकाच चेहऱ्याची.

पहिली चूक मी केली, ती तुम्ही करू नका. मी ओळखणारी यंत्रं वापरली. एका मुलीचं लिखाण ‘एआयने लिहिलेलं’ असं यंत्राने सांगितलं. मी तिला बोलावून विचारलं. खरं तर विचारलं नाही, दोषच दिला. ती रडली नाही. वही उघडून प्रत्येक वाक्य कुठून आलं ते सांगत गेली: हे आजोबा बोलतात, हे मी मागच्या वर्षीच्या निबंधात लिहिलं होतं, हे मला बसमध्ये सुचलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर तिची माफी मागितली. तिने नंतर लिहिलं नीट, पण आधीसारखं मोकळं लिहायला तिला वर्ष लागलं, आणि त्या वर्षाचं देणं माझ्या अंगावर आहे.

पुढे कळलं की अशा यंत्रांवर विसंबण्यात मुळातच घोटाळा आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३मध्ये असं एक ओळखयंत्र काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळखयंत्रं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा परीक्षार्थींचे माणसांनीच लिहिलेले ९१ इंग्रजी निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंधांवर यंत्राचा शिक्का बसला. साधे, मोजके शब्द वापरणारा संशयित ठरला. आपल्या वर्गात मोजक्या शब्दांत लिहिणारी मुलं कोण असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

मग मी पोलीसगिरी सोडली आणि कामाचा क्रम बदलला. पहिलं लिखाण आता वर्गातच होतं. गोष्ट वाचून झाल्या झाल्या बारा मिनिटं, कागदावर, टॅब दप्तरात. अडखळत, खाडाखोड करत, काय वाटलं आणि कुठल्या शब्दामुळे वाटलं एवढंच. याला गुण नाहीत. कागद माझ्याकडे राहतात. त्यानंतर चर्चा. मग घरी पक्कं लिखाण. तिथे हवी ती मदत घ्या, यंत्राचीसुद्धा. पण खाली पाच-सहा ओळी हव्यात: माझं पहिलं मत काय होतं, आता काय आहे, आणि ते कशामुळे हललं. गुण मुख्यतः या ओळींना. ज्याने यंत्राचं उत्तर उचललं, त्याला स्वतःच्या पहिल्या कागदापासून तिथपर्यंतचा रस्ता सांगता येत नाही. आणि ज्याने यंत्राशी खरोखर बोलून काही मिळवलं, तो ते आनंदाने सांगतो. दोन्ही प्रकार माझ्याकडे येतात.

लेखकाचं नाव आणि संदर्भ न देता मजकूर वाचायला देऊन पहिलं मत लिहून घेण्याची युक्ती माझी नाही. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय गोळा केले. १९२९मध्ये ते पुस्तकरूपाने आले. चांगल्या शिकलेल्या मुलांनीही कवितेत नसलेलं बरंच काही वाचलं होतं आणि असलेलं सोडून दिलं होतं. मला त्यातून धीर मिळतो. चुकीचं वाचन हे आजच्या मोबाइलचं पाप नाही. ते वाचनाच्या सुरुवातीचं रूप आहे, आणि शिक्षकाला काम तिथूनच मिळतं. यंत्राने दिलेल्या निर्दोष उत्तरात मला शिकवायला काही जागाच उरत नाही.

एकदा मी यंत्रालाच वर्गात बोलावलं. चपलेची गोष्ट त्याला दिली आणि रसग्रहण मागितलं. मुलांचे बारा मिनिटांचे कागद आधीच झाले होते. फळ्यावर उत्तर उमटलं: चप्पल हे अनुपस्थितीचं प्रतीक आहे, कुटुंबाच्या न सरलेल्या दुःखाचं द्योतक आहे, वगैरे. वाक्यं गोल आणि चूक काही नाही. मुलं थोडी दबली. मग एक मुलगी म्हणाली, ‘बाई, हे छत्रीलाही चालेल.’ आम्ही खरंच ‘चप्पल’ खोडून ‘छत्री’ घातलं. चाललं. ‘चष्मा’ घातला, चाललं. ‘काठी’ही चालली. मग मी पूर्वीच्या त्या मुलाची नव्या चपलेची वाक्यं नाव न सांगता फळ्यावर लिहिली. तिथे छत्री घालून बघितली. ‘नवी छत्री टाकवत नाही’ इथवर ठीक होतं. पण वर्ग म्हणाला, छत्री ऋतूपुरती असते, ती दाराशी वर्षभर कशाला राहील? आणि चप्पल पायाच्या मापाची असते. छत्री कुणीही वापरतं, ही दुसऱ्या कुणाच्या पायात बसणार नाही. म्हणून ती राहिली.

‘मापाची असते’ हे त्या तासाला पहिल्यांदा बोललं गेलं. ना त्या मुलाच्या वहीत होतं, ना यंत्राच्या उत्तरात, ना माझ्या मनात.

तेव्हापासून वर्गात ‘छत्री लावून बघ’ असा शब्दच पडला आहे. मुलं एकमेकांचं लिखाण त्यानेच तपासतात: हे वाक्य उचलून दुसऱ्या गोष्टीखाली ठेवलं तर चालतंय का? चालत असेल तर अजून वाचलेलं नाही. यंत्रावर बंदी घालून जे झालं नसतं, ते यंत्राचं उत्तर समोर ठेवून झालं. पण क्रम लक्षात ठेवा: आधी मुलाचा कागद, मग यंत्र. उलट केलं की मुलाला स्वतःचं काही सुचेनासं होतं. मी एका तुकडीत उलट करून पाहिलं आहे. सगळ्यांनी ‘प्रतीक’ हा शब्द लिहिला.

तुम्ही पुढे विचारलंय, ‘पण मुळात रसिक मुलं किती असतात?’ या प्रश्नामागचा थकवा मला ओळखीचा आहे. इथे आनंदवर्धनाच्या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताचा आधार घ्या. सहृदय, म्हणजे खरा रसिक कोण, हे सांगताना तो जन्मजात देणगीवर थांबत नाही. काव्याच्या सतत सहवासाने आणि अभ्यासाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, जे वर्ण्य विषयाशी एकरूप होऊ शकतात, ते सहृदय, असं तो म्हणतो. शब्द ‘अभ्यास’ आहे. आरसा घासावा लागतो, आणि तो दुसऱ्याने घासून चालत नाही. रसग्रहणाचा सारांश यंत्राकडून घेणाऱ्या मुलाला मी ‘तू फसवलंस’ म्हणत नाही. ‘तुझा घासायचा दिवस गेला’ असं म्हणते. आठवीच्या मुलालाही हे समजतं, विशेषतः जो एखादा खेळ किंवा वाद्य शिकतो त्याला. माझ्या जागी दुसऱ्याने रियाझ केला तर माझा गळा तयार होत नाही, एवढं त्याला ठाऊक असतं.

राहता राहिलं ते शेवटचं, पण सर्वांत निकडीचं: मुलं धडा पूर्ण वाचतच नाहीत. त्यावर ना अ‍ॅप, ना प्रश्नमंजूषा. मी सोपा उपाय करते, तासाची पहिली दहा मिनिटं मोठ्याने वाचते. रोज, परीक्षा जवळ आली तरी. अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी लांब, जे महिनाभर पुरेल. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती मलाही होती. तो पडला नाही, कारण ज्या मुलांच्या कानात लांब वाक्यं बसतात त्यांना धडा दोनदा समजावावा लागत नाही. मुलांच्या हातात प्रत असू दे किंवा नसू दे. काही मुलं डोकं बाकावर ठेवून ऐकतात. ठेवू द्या.

सुरुवात याच सोमवारी करा. मोठा फळा बंद, टॅब दप्तरात, तुमच्या हातात पुस्तक. कठीण शब्दाचा अर्थ विचारला तर सांगा, नाही तर पुढे जा. वाचून झाल्यावर एकही प्रश्न विचारू नका, कुणाला कसं वाटलं हेसुद्धा नाही. आणि दहा मिनिटं झाली की पुस्तक मिटा, वाक्य अर्धवट राहिलं असलं तरी. मंगळवारी वर्गात शिरताना कुणीतरी विचारेल, पुढे काय झालं. ज्याने विचारलं त्याच्या हातात पुस्तक द्या, आणि ते अर्धं वाक्य त्याला पुरं करू द्या.